खालच्या कप्प्यातल्या नऊ वस्तू

आयुष्यात ज्यांचा मला मनापासून हेवा वाटला अशा माणसांची यादी तीन नावांत संपते. पहिली बी.एड.ला माझ्या शेजारी बसणारी मुलगी, तिच्या अक्षरामुळे. दुसरी माझी धाकटी जाऊ, कारण तिच्या लोणच्याला कधी बुरशी येत नाही. ही दोन दुखणी वयाबरोबर बरी झाली. तिसरं नाव आमच्या शाळेच्या प्रयोगशाळा परिचराचं. गेल्या वर्षी हा माणूस निवृत्त होऊन सुप्याला आपल्या जिरायती रानात राहायला गेला, तरी माझं हे तिसरं दुखणं आहे तिथंच आहे.

सगळी शाळा त्यांना तात्या म्हणायची. उंच, जरा वाकलेले, आणि उजव्या पायाच्या पँटला सायकलची क्लिप. सायकलवरून उतरल्यावर माणसं ती काढतात. तात्या काढत नसत. झेंडावंदनालाही ती पायाला असायची. शर्टाच्या खिशात पेन कधीच नसे. मस्टरवर सही करायला ते रोज माझं पेन मागायचे आणि टोपण लावून, पुसून परत द्यायचे. पेनाऐवजी खिशात असायचा धारेच्या दगडाचा एक तुकडा, वापरून वापरून साबणाच्या वडीसारखा मधे खोलगट झालेला.

बोथट वस्तू त्यांना बघवत नसे. खिचडी शिजवणाऱ्या मावशींची विळी, चित्रकलेच्या सरांची कात्री, ऑफिसातला कागद कापायचा चाकू, सगळं न सांगता त्यांच्या हाती जायचं आणि धार लागून जागेवर परत यायचं. "बोथाट असलं की मानूस जोर लावतो," ते म्हणायचे, "आन जोर लावल्याला आपल्याच हातावर येतो."

मुलांना ते अहो-जाहो करायचे. पाचवीतल्या पोरालासुद्धा. नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ते ठेवत नसत. ते मुलांना त्यांच्या वाटेवरून ओळखायचे. "या चिंचेचा मळा, आज उशीर?" "काय हो पुलापलीकडचे, चिखलातनं आलाव का?" कोण कुठल्या पाऊलवाटेनं येतं, कुणासोबत येतं, कोण एकटं पडतं, हे त्यांना तोंडपाठ. माझ्याकडे हजेरीपट होते, पालकांचे मोबाइल नंबर होते, रक्तगट होते. वाटा नव्हत्या.

रोज सकाळी ते फाटकापाशी उभे राहायचे. ते त्यांचं काम नव्हतं. येणाऱ्या प्रत्येक मुलाचं दप्तर ते स्वतःच्या हातानं खांद्यावरून उतरवून घ्यायचे, क्षणभर धरायचे आणि पट्टे सारखे करून पुन्हा पाठीवर चढवायचे. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. दर मुलामागे चार सेकंद. कशासाठी, असं विचारल्यावर म्हणाले, "वाकडं व्हत्यात हो खांदं." मुलं ओळीत थांबायची आणि आपणहून पाठ फिरवून उभी राहायची. पाठ फिरवणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मी तेव्हा या शाळेची पर्यवेक्षिका. बारामतीहून रोज सकाळी एमआयडीसीतल्या मोटारसायकलींच्या लोंढ्यातून स्कुटी काढते आणि पाऊण तासात कळंबच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला असलेल्या शाळेत पोचते. पर्समध्ये एक लांबट वही असते. झालेल्या कामावर बरोबरची खूण करताना मला जे सुख होतं ते दुसऱ्या कशानं होत नाही, हे मी लपवत नाही.

तीनेक वर्षांपूर्वी दूरच्या एका शाळेत मुलांच्या भांडणात दप्तरातून कोयता निघाला. आमच्याकडे वरून पत्र आलं: शाळेत शस्त्रं येऊ नयेत यासाठी उपाययोजना करा, अहवाल पाठवा. मुख्याध्यापक सरांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे तुमचंच." मला आनंद झाला. दोन दिवसांत चौदा मुद्द्यांची यादी तयार केली. मागचं फाटक बंद. चार ठिकाणी कॅमेरे. तक्रार पेटी, तिची किल्ली माझ्याकडे. दप्तर तपासणी, आणि तिची रोजची नोंदवही. देणगीतून एक हातात धरायचं मेटल डिटेक्टर.

आमच्या भागात ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. कोयता, विळा, खुरपं प्रत्येक घरात आहे, आणि शाळेतून घरी जाताना वाटेत वैरण कापून न्यायची म्हणून ते दप्तरातही असू शकतं. शस्त्र कुठलं आणि अवजार कुठलं, हे वस्तूकडे बघून सांगता येत नाही. मी तो प्रश्न एका ओळीत सोडवला: धारेची कुठलीही वस्तू, कुठल्याही कारणानं, फाटकाच्या आत नाही.

त्या ओळीत तात्यांची खंडेनवमी गेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरोघरी अवजारं धुऊन पुजतात. तात्या त्या सकाळी फाटकाजवळच्या लिंबाखाली पोतं अंथरून बसायचे आणि मुलं घरची खुरपी, विळे, अडकित्ते घेऊन यायची. तात्या धार लावायचे, हळद-कुंकू वाहायचे आणि कागदात गुंडाळून परत द्यायचे. वर्षानुवर्षं चाललेलं. मी त्यांना बोलावून नियम वाचून दाखवला. वाद घालतील म्हणून चार उत्तरं तयार ठेवली होती. ते म्हणाले, "बरं म्याडम," आणि माझं पेन परत देऊन गेले.

त्या खंडेनवमीला शाळा सुटल्यावर मी स्कुटीवरून निघाले, तर कालव्याच्या कडेला तात्यांच्या भाड्याच्या खोलीपुढे तीस-चाळीस मुलं ओळीनं बसलेली. कुणी ढकलाढकली करत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. माझ्या रांगेत अशी शांतता कधी नसते. तात्यांनी मान वर केली. "म्याडम, पर्समधली कात्री बोथाट झालीया तुमची. द्या की." मी ऐकलंच नाही असं दाखवून पुढं गेले. त्यांना माझ्या कात्रीचं कसं माहीत, या विचारात मी बारामतीपर्यंत आले. सुट्टी संपून शाळा भरली आणि चौथ्या दिवशी कात्री एकदम सरळ कापू लागली. कुणी, केव्हा, मी चौकशी केली नाही.

मेटल डिटेक्टरचं काय झालं ते थोडक्यात सांगते. ते जेवणाच्या डब्याला वाजलं. कंपासपेटीला वाजलं. पट्ट्याच्या बक्कलला, सायकलच्या किल्लीला, स्टीलच्या बाटलीला, एका मुलीच्या पैंजणाला आणि मुख्याध्यापक सरांना वाजलं. मुलांनी त्याला डास मारायची बॅट हे नाव ठेवलं. पहिल्याच आठवड्यात रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली, तिथून उसाच्या ट्रॉल्या जातात. मग मी डबा-बाटली बाहेर, हातात धरायची, असा सुधारित नियम काढला आणि रांग आटोक्यात आणली. तात्या माझ्या रांगेच्या पुढं पाच पावलांवर उभे असायचे, आणि मुलं आधी त्यांच्याकडे पाठ करून मग माझ्याकडे यायची.

नोंदवही मी स्वतः लिहायची. तारीख, तपासलेली दप्तरं, आढळलेल्या आक्षेपार्ह वस्तू. शेवटच्या रकान्यात रोज एकच शब्द: निरंक. दीड वर्ष निरंक. तालुक्याच्या बैठकीत ती वही हातोहात फिरली. साहेब म्हणाले, बघा, याला म्हणतात काम. त्या वर्षी आमचे मुख्याध्यापक निवृत्त होणार होते आणि त्या खुर्चीसाठी माझं नाव पुढं होतं. निरंक हा शब्द मला त्या काळात फार गोड लागायचा.

मार्चमध्ये डेड स्टॉकची पडताळणी असते. टेबल-खुर्च्यांपासून परीक्षानळ्यांपर्यंत सगळं मोजून नोंदवहीशी जुळवायचं. प्रयोगशाळा मी शेवटी ठेवते, कारण तिथं मोडतोड जास्त. त्या दुपारी तात्या बाजारातून स्पिरिट आणायला गेले होते. मी कपाटं उघडत गेले. शेवटच्या कपाटाचा खालचा कप्पा ओढला, आणि आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वस्तू ओळीनं ठेवलेल्या. नोंदवहीत त्या नव्हत्या. मी एकेक सोडली आणि सवयीनं लिहीत गेले.

कोयता, दांड्याशिवाय, एक. बटणाचा चाकू, दोन. भाजी कापायची सुरी, एक. सायकलची साखळी, टोकाला कुलूप अडकवलेली, एक. बोटांत घालायचा लोखंडी पंच, एक. घासून टोकदार केलेला स्क्रूड्रायव्हर, एक. कोयत्याचं मोडकं पातं, चिंध्यांची मूठ बांधलेलं, एक. विळा, एक, मुठीला शाळेची निळी रिबीन.

एकूण नऊ.

माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते मी इथं खरं लिहिते. मुलांच्या जिवाला धोका होता, हे आधी यायला हवं होतं. आधी आलं ते हे: नऊ मुलांनी हे तात्यांना दिलं. माझ्याकडे पेटी होती, किल्ली होती, नोंदवही होती, आणि दीड वर्षात एकाही मुलानं मला काही आणून दिलं नव्हतं.

मी तिथल्याच स्टुलावर बसून अहवाल लिहिला. तीन मुद्दे. शस्त्रं दडवणं, वरिष्ठांना न कळवणं, सुरक्षा नियमांचा भंग. भाषा चांगली उतरली होती. त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, आणि या कागदानं ती साधी निवृत्ती राहिली नसती, हे मला ठाऊक होतं. सही करायची तेवढी बाकी होती, तेवढ्यात ते स्पिरिटची बाटली घेऊन आत आले. टेबलावरची ओळ बघितली, बाटली कपाटात ठेवली, हात धुतले.

"नावं सांगा," मी म्हणाले. वही उघडीच होती.

"न्हाय जमायचं म्याडम."

"नऊ मुलांचा प्रश्न आहे, तात्या."

"नऊचा न्हाय. धाव्याचा हाय." ते समोर बसले. "नावं दिली तर ह्या नवांचं तुमी काय बी कराल. पर धावं पोरगं काय करंल? दप्तरातच ठेवंल की. मंग ना तुमाला दिसंल, ना मला."

मी विचारलं, तुम्ही त्यांच्याकडून हे काढून कसं घेता? ते म्हणाले, काढून घेत न्हाय. दप्तर उचललं की कळतं, वजन एका बाजूला जातं. काय हाय म्हणून इचारत न्हाय. एवढंच म्हणतो, जड झालंय, माझ्याकडं ठेवा, धावी झाल्यावर न्या. मग ते मूल वस्तू फाटकाबाहेर झुडपात ठेवून रांगेत येतं आणि मधल्या सुट्टीत ती घेऊन एकटंच प्रयोगशाळेत येतं. मी विचारलं, आणि दहावी झाल्यावर? ते हसले. "अजून एक बी आलं न्हाय न्यायला."

"आणि आणतात कशाला?"

"निम्म्यांनी फोटो काढून मोबाइलवर टाकायला आनल्यालं. निम्मी भ्यालेली."

ते बोलत असताना मी सुरी हातात घेतली होती. अंगठा पात्यावरून फिरला आणि थांबला. कापलं नाही. मी चाकू उघडून पाहिले, कोयता पाहिला, विळा पाहिला. एकाही वस्तूला धार नव्हती. कडा गोल, गुळगुळीत, लहान मुलाच्या हातात द्याव्यात अशा. स्क्रूड्रायव्हरचं टोकही बसवलेलं. बोथट वस्तू ज्यांना बघवत नसे, त्या माणसानं आपल्याच दगडावर एकूण एक धार मारून ठेवली होती. मी सुरी खाली ठेवली.

मग त्यांनी विळा माझ्याकडे सरकवला. "ह्यो परवा आलाय. आन ह्यो मला झेपत न्हाय. तुमीच बघा."

नववीतली मुलगी, पुलापलीकडची. नाव त्यांनी सांगितलं, कारण त्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. संध्याकाळी ती कालव्याच्या भरावावरून एकटी घरी जायची. पुलाजवळ दोन पोरं मोटारसायकल लावून बसत, मग तिच्या चालीनं गाडी चालवत. तिनं घरी सांगितलं नव्हतं. बापाला कळलं असतं तर शाळा बंद आणि जूनच्या आत लग्न, हे तिलाही माहीत होतं आणि तात्यांनाही. विळा सापडेना म्हणून आई शोधत होती. तात्यांनी निरोप पाठवला होता की विळा धारेला माझ्याकडं आहे. त्यांचं वेड सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं आईला शंका आली नाही.

"पोलिसात कुठं जायाचं, अर्ज कुनाला करायाचा, मला काय येत न्हाय," तात्या म्हणाले. "तुमाला समदं येतं. फकस्त तिचं नाव कागदावर येऊ द्यायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, दार लोटलं. मी बाई, तिच्या आईच्या वयाची. चार प्रश्न काढले होते. चारही वेळा तिचं उत्तर एकच, "काय न्हाय म्याडम." ती माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या वहीकडे बघत होती. मी वही मिटली. तरी ती वहीकडेच बघत राहिली. पंधरा मिनिटांनी तिला वर्गात पाठवलं. तात्यांपाशी ती काय बोलली असेल? बहुधा काहीच नाही. त्यांनी दप्तर उचललं आणि तिनं विळा दिला. मला त्या रात्री झोप नीट लागली नाही, आणि त्याचं कारण काळजीपेक्षा हेवाच जास्त होतं.

पण अर्ज मला येतात. दोन दिवस शाळा सुटल्यावर पुलाच्या अलीकडे स्कुटी लावून उभी राहिले. गाडी, तिचा रंग, पुढं नंबर प्लेट नाही, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सगळं टिपलं. पोलीस ठाण्यात एक अर्ज, एसटी आगारात पुलावर थांबा मिळावा म्हणून दुसरा, भरावावरच्या वेड्या बाभळी तोडाव्यात म्हणून ग्रामपंचायतीला तिसरा. खेळाच्या सरांना सांगून त्या बाजूच्या मुलींचा एकत्र जाण्याचा गट केला. प्रत्येक अर्जात "आमच्या विद्यार्थिनी" एवढंच. मी लिहिलेल्या कागदांत नावाचा रकाना रिकामा राहिलेले हे पहिले कागद. अकराव्या दिवशी ठाण्यातल्या बाई पुलावर येऊन उभ्या राहिल्या. त्या पोरांच्या बापांना बोलावणं गेलं, गाडी ठाण्यात लागली. बाभळी पुढच्या आठवड्यात तुटल्या. एसटीला महिना लागला.

वहीतल्या सगळ्या ओळींवर खुणा झाल्या. तात्यांनी दगड काढला आणि विळ्याला पुन्हा धार लावून तो घरी पोचवला. आई म्हणाली म्हणे, एवढे दिवस लागत्यात का वो धार लावायला, तलवार हाय का विळा? मुलगी पुढच्या सोमवारी मेथीची पेंढी घेऊन शाळेत आली. पेंढी तात्यांना. मला नेहमीसारखा नमस्कार.

डेड स्टॉकच्या पडताळणी पत्रकावर एक वाक्य छापलेलं असतं: साठा नोंदीप्रमाणे आढळला. त्याखाली मी सही केली. नोकरीतली माझी पहिली खोटी सही. अहवालाचा कागद फायलीतच आहे. माझ्याच्यानं कागद फाडला जात नाही. त्या जूनमध्ये मी मुख्याध्यापिका झाले. तो कप्पा मी जितक्या वेळा उघडून बंद केला तितक्या वेळा ती खुर्ची हलली, पण ते मलाच दिसत होतं.

पुढच्या वर्षी तात्यांचा निरोप समारंभ झाला. शाल-श्रीफळ मी दिलं, भाषण मी केलं, मुद्दे लिहून आणले होते. बोलायला उभे राहिल्यावर तात्या म्हणाले, "बसा आता, पोरं उन्हात हायती," आणि बसले. मुलांनी ज्या टाळ्या वाजवल्या त्या मी मोजल्या नाहीत. मला ते दोन मिनिटं ऐकावं लागलं, एवढं सांगते. दुसऱ्या दिवशी खालचा कप्पा उघडला तर आठ पुडक्यांच्या शेजारी तो खोलगट दगड. चिठ्ठी वगैरे नाही. चिठ्ठी लिहायला पेन लागतं.

आता फाटकापाशी मी उभी राहते. बॅट कपाटात आहे. मी दप्तर उतरवायला हात पुढं केला की मुलं म्हणतात, "असू द्या म्याडम, हलकंच हाय." मान खाली घालून, अदबीनं. पाठ फिरवत नाहीत. जी देतात त्यांची दप्तरं मी धरून पाहते. मला सगळी सारख्याच वजनाची लागतात. कोपर मात्र दुखतं.

जानेवारीत, ऊसतोडीच्या ऐन हंगामात, मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत काचसामान मोजत होते. दारात आठवीतलं एक मूल उभं. हातात वर्तमानपत्राचं पुडकं.

"तात्यांना द्या."

"तात्या निवृत्त झाले ना."

"ठाव हाय. त्यांना द्या."

त्या मुलाचं नाव मला माहीत होतं, तुकडी माहीत होती, हजेरी क्रमांकसुद्धा. माझ्या तोंडात चार प्रश्न आले होते. मी पुडकं घेतलं. जड होतं. "दहावी झाल्यावर ने," मी म्हणाले. त्यानं मान हलवली आणि पळालं.

चाकू होता, घरगुती, नवा. मी दार लावून दगड काढला आणि घासायला बसले. सुट्टी संपेपर्यंत घासलं. अंगठा लावून पाहिला तर बोट कापलं. आधीपेक्षा धार चढली होती. मी मुलाच्या हातातून घेतलेला चाकू आणखी धारदार करून ठेवला होता.

शाळा सुटल्यावर सुप्याला फोन लावला. पलीकडं वारा घोंघावत होता. तात्यांनी कुणी दिला ते विचारलं नाही.

"आडवा घासला आसंल. उभा धरा म्याडम. पातं सरळ, धार खाली, दगडावर. आन जोर लावू नका."

"तुम्हाला किती वेळ लागायचा?"

"मला?" ते म्हणाले. "पोरगं वर्गात परत पोचायच्या आत व्हायचं."

मला तीन मधल्या सुट्ट्या लागल्या. चौथ्या दिवशी पात्यावर अंगठा सरकला आणि काही झालं नाही. चाकू कागदात गुंडाळून आठांच्या ओळीला लावला, कप्पा ढकलला. मग ऑफिसात येऊन रोजची नोंदवही उघडली, शेवटच्या रकान्यात निरंक लिहिलं आणि खाली सही केली.